हातातला ग्राइंडर आणि सँडर: गार्ड, डिस्क, धूळ आणि कार्बन

फॅब्रिकेशनच्या दुकानात किंवा बांधकामाच्या साइटवर चार इंची ग्राइंडर दिसला की आधी त्याच्या गार्डकडे, म्हणजे डिस्कभोवतीच्या पत्र्याच्या अर्धगोल झाकणाकडे बघा. बहुतेक वेळा तो जागेवर नसतो. का काढला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "मध्ये येतो हो, काम दिसत नाही." बाजूचं हँडलही कधीचंच हरवलेलं. मग एका हातात यंत्र, दुसऱ्या हातात पाइप आणि पायात स्लिपर, असं काम चालू असतं. आता हेच यंत्र घरोघरी पोचलंय आणि ते धरायचं कसं, हे आपण त्या साइटवर बघूनच शिकतो. खोक्यातलं माहितीपत्रक कुणी उघडत नाही.

घरची दोन कामं डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे: गंजलेलं लोखंडी गेट किंवा खिडकीचं ग्रिल साफ करून रंगायला तयार करणं, आणि जुनं सागवानी फर्निचर घासून पुन्हा पॉलिशला आणणं. पहिल्याला ग्राइंडर लागतो, दुसऱ्याला सँडर. जागा ग्राइंडरला जास्त दिली आहे, कारण सँडरने काम बिघडतं, पण ग्राइंडरने माणूस जायबंदी होतो.

वेगाचा हिशेब

चार इंची, म्हणजे १०० मिमी डिस्कचा ग्राइंडर मोकळा फिरताना मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. डिस्कचा परीघ ३१ सेंटिमीटरच्या थोडा वर. गुणाकार केला तर डिस्कची कड ताशी २०० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने धावते. या वेगात डिस्क फुटली तर तुकडा चुकवायला वेळच मिळत नाही. तो अडवायचं काम फक्त गार्ड करतो, म्हणून गार्ड काढून ग्राइंडर चालवणं मला कुठल्याही सबबीवर पटत नाही. गार्डमुळे कोपऱ्यात डिस्क पोचत नसेल, तर तेवढा कोपरा कानशीने किंवा हातातल्या तारेच्या ब्रशने करावा.

प्रत्येक डिस्कवर कमाल फेरे छापलेले असतात. चांगल्या १०० मिमी डिस्कवर साधारण १५,३०० दिसतील, १२५ मिमीवर १२,२०० च्या आसपास, तर सात इंची, म्हणजे १८० मिमीवर सुमारे ८,५००. डिस्कवरचा आकडा यंत्रावरच्या आकड्यापेक्षा जास्तच हवा. यातून दोन लोकप्रिय जुगाड बाद होतात. मोठ्या ग्राइंडरवर घासून लहान झालेली सात इंची डिस्क 'अजून बरीच उरलीय' म्हणून चार इंचीवर चढवतात; ती बनवलीच आहे ८,५०० फेऱ्यांसाठी आणि इथे तिला ११,००० सोसावे लागतात. दुसरा जुगाड चार इंची यंत्रावर पाच इंची डिस्क बसवण्याचा. पाच इंची डिस्कचं भोक २२.२३ मिमी असतं, चार इंचीचं १६ मिमी. मधली जागा वॉशर घालून भरतात, डिस्क जराशी एका बाजूला सरकून बसते, यंत्र थरथरतं आणि मोठी डिस्क मावावी म्हणून गार्ड काढावाच लागतो.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी ब्लेड. दात गाठीत अडकला की यंत्र हातातून उसळतं आणि स्विच अडकवलेला असल्यामुळे फिरतच राहतं. लाकडासाठी खाली पाया असलेली सर्क्युलर सॉ किंवा जिगसॉ घ्या. दुकानात अशी ब्लेड चार इंची मापात टांगलेली दिसतात, म्हणून ती ग्राइंडरसाठी आहेत असं समजू नका.

कोणत्या कामाला कोणती डिस्क

पातळ कटिंग व्हील, १ ते १.२ मिमीचं, फक्त कडेने कापायला. त्याच्या सपाट अंगाने घासलं की त्याला आडवा दाब सोसत नाही आणि ते तडकतं. वेल्डिंगचा टाका उतरवायला सुमारे ६ मिमी जाडीचं, मध्ये खोलगट असलेलं ग्राइंडिंग व्हील वापरतात. ते कामाशी १५ ते ३० अंशांच्या कोनात धरावं. फ्लॅप डिस्क म्हणजे पॉलिश पेपरच्या पाकळ्या एकावर एक चिकटवलेली डिस्क. ती जवळजवळ सपाट, थोडासाच कोन ठेवून चालवतात. नवशिक्याला मी आधी फ्लॅप डिस्कच देईन, कारण ती लोखंड हळू खाते आणि चुकलं तरी खड्डा पडत नाही. नंबर जितका लहान तितके दाणे भरड; ४० नंबर फार आक्रमक, गेटला ६० किंवा ८० पुरतो.

गंज काढायला तारेचा कप ब्रश छान काम करतो, पण त्याच्या तारा सुटून बाणासारख्या येतात आणि जीन्समधूनही पायात शिरतात. ग्रिलच्या गजांवर मला काळी किंवा निळी, स्पंजासारखी दिसणारी स्ट्रिप डिस्क जास्त आवडते. ती रंग आणि गंज उतरवते, खालच्या लोखंडाला फारशी लागत नाही. लवकर झिजते, एवढाच तोटा.

स्टीलच्या रेलिंगला वेगळी डिस्क ठेवा. साध्या लोखंडावर वापरलेल्या डिस्कने स्टील घासलं तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि महिन्याभरात स्टीलवर गंजाचे ठिपके दिसतात. मग 'स्टील डुप्लिकेट निघालं' म्हणून दुकानदाराशी भांडण. अॅल्युमिनिअम साध्या ग्राइंडिंग व्हीलवर घासू नये. मऊ धातू डिस्कच्या दाण्यांत भरतो, डिस्क तापते आणि फुटू शकते. त्यासाठीच्या डिस्क वेगळ्या मिळतात.

डिस्कला मुदत असते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मधल्या पत्र्याच्या कड्यावर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. कटिंग आणि ग्राइंडिंग व्हील राळेने बांधलेली असतात आणि सर्वसाधारणपणे उत्पादनापासून ३ वर्षांपर्यंतच वापरायची असतात. ओलाव्याने ती राळ कमकुवत होते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर पिशवीत पडून राहिलेल्या डिस्कवर म्हणूनच भरवसा ठेवू नये. हवाबंद डब्यात, सपाट, एकावर एक ठेवा आणि वर हातोडी टाकू नका. डिस्क खाली पडली, कडेला टवका उडाला किंवा ती वाकडी दिसली, की ती भंगारात. टिचकी मारून आवाज ऐकायची जुनी परीक्षा टेबलावरच्या ग्राइंडरच्या दगडी चाकांसाठी आहे, या पातळ डिस्कना ती लागू पडत नाही.

वीज

७५० वॉटचा ग्राइंडर २३० व्होल्टवर सव्वातीन अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे घरातलं साधं ६ अँपिअरचं सॉकेट पुरतं. अडचण येते एक्स्टेंशनची. दिव्यासाठी घेतलेली बारीक वायर चालणार नाही, १.५ चौरस मिमीची तांब्याची घ्या आणि रिळावर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. पिन तुटली म्हणून उघड्या तारा सॉकेटमध्ये घालून काडीपेटीच्या काड्यांनी ठोकायच्या, हे दृश्य प्रत्येकाने पाहिलंय. नवी पिन चहा-वड्याच्या पैशांत येते. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा, नसेल तर आधी तो बसवून घ्या. अंगण ओलं असताना काम नको.

आता लोडशेडिंगवाल्या गावांसाठी. चार इंची ग्राइंडरचा सरकता स्विच पुढे ढकलला की अडकून राहतो. काम चालू असताना वीज गेली, तुम्ही यंत्र तसंच खाली ठेवून चहाला गेलात, अर्ध्या तासाने वीज आली, की ते जमिनीवर नाचायला लागतं. वीज गेली की पहिलं काम स्विच मागे आणि पिन बाहेर. नवीन यंत्र घेत असाल तर दाबून धरल्याशिवाय न चालणारा पॅडल स्विच बघा. वीज परत आल्यावर आपोआप सुरू न होण्याची सोय असलेली यंत्रंही मिळतात. थोडे जास्त पैसे जातात, ते द्यावेत.

अंगावर काय हवं, काय नको

गॉगल बाजूने बंद हवा, नंबरचा चष्मा त्याची जागा घेत नाही. कटिंग करताना आणि कप ब्रश लावताना गॉगलवर पारदर्शक फेसशील्डही चढवा. नुसत्या फेसशील्डच्या खालून कण वर येतात. कानात इअरप्लग घाला. ग्राइंडरचा आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो आणि कान हळूहळू जातात, कळतही नाही. कपडे सुती, अंगाबरोबर बसणारे. नायलॉन-पॉलिस्टरवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. गळ्यातली साखळी, मंगळसूत्र, हातातले धागे आणि घड्याळ काढून ठेवा. ओढणी, उपरणं, गमछा नकोच. लांब केस बांधून टोपीखाली घ्या.

हातमोज्यांवर लोक वाद घालतात. कामापुरतं उत्तर असं: घट्ट बसणारे चामड्याचे मोजे ग्राइंडरला चालतात, सैल सुती मोजे अजिबात नाही, कारण त्यांचा एक धागा डिस्कमध्ये गेला की मागोमाग बोट जातं. पायात बंद बूट.

डिस्क बदलणं

१. पिन सॉकेटमधून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही.
२. डिस्क पूर्ण थांबलेली आहे याची खात्री करून मगच स्पिंडल (डिस्क बसते तो दांडा) अडवणारं लॉकचं बटण दाबा. फिरताना दाबलं तर गिअरचे दात तुटतात.
३. पिन-पान्याने नट सोडवा, डिस्क काढा, आतला फ्लँज, म्हणजे डिस्कमागची चकती, फडक्याने पुसा. तिथे कचरा राहिला तर नवी डिस्क वाकडी बसते.
४. नटची एक बाजू उंचवट्याची आणि दुसरी सपाट असते. जाड ग्राइंडिंग व्हीलला उंचवटा डिस्ककडे, पातळ कटिंग व्हीलला सपाट बाजू डिस्ककडे. हे उलटं झालं तर पातळ डिस्क सैल राहते किंवा जाड डिस्क नीट मध्यावर बसत नाही.
५. पान्याने आवळा, पण हातोडीने ठोकून नको. काम करताना नट आपोआप घट्ट होत जातो.
६. गार्डची बंद बाजू तुमच्या आणि डिस्कच्या मध्ये येईल अशी फिरवून कसा.
७. डिस्कचं तोंड माणसांपासून दूर करून यंत्र मिनिटभर मोकळं चालवा. थरथर किंवा वेगळा आवाज आला तर बंद.

गेटवर काम सुरू करताना

आधी आजूबाजूला बघा. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कण; खिडकीच्या काचेवर आणि गाडीच्या काचेवर ते चिकटून कायमचे डाग पडतात. व्हिट्रिफाइड फरशीवर पडले तर पहिल्या पावसात तपकिरी ठिपके उमटतात. गाडी हलवा, फरशीवर ओलं गोणपाट टाका. थिनर, पेट्रोल, गॅस सिलिंडर, भुसा, वाळलेला पाला, सगळं किमान दहा मीटर लांब. पाण्याची बादली जवळ ठेवा आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास तिथून हलू नका. भुशात पडलेली ठिणगी धुमसत राहून उशिरा पेट घेते.

तेलाचा, थिनरचा किंवा रसायनाचा रिकामा ड्रम ग्राइंडरने कापू नका. रिकाम्या ड्रममध्ये वाफ उरलेली असते, ती भरलेल्या ड्रमपेक्षा जास्त धोकादायक. झाकण उघडं ठेवलं, उन्हात वाळवला, पाण्याने विसळला, तरी भरवसा नाही. कुंड्यांसाठी किंवा शेगडीसाठी ड्रम हवा असेल तर कापलेलाच विकत घ्या.

सुटा भाग क्लॅम्पने बांधा. पायाखाली दाबलेला पाइप बांधलेला नसतो. दोन्ही हात यंत्रावर, एक यंत्राच्या मागच्या भागावर आणि दुसरा बाजूच्या हँडलवर. यंत्र हवेत सुरू करा, पूर्ण वेग येऊ द्या, मग कामाला टेकवा. जोर लावायचा नाही. दाबल्यावर आवाज खाली उतरला तर तुम्ही मोटर तापवताय, काम लवकर होत नाहीये.

कापताना यंत्र उसळतं ते बहुधा फट मिटल्यामुळे. पाइप दोन टोकांना टेकवून मधोमध कापला की तो वाकतो, फट आवळते आणि डिस्क चिमटीत सापडते. म्हणून कापायच्या जागेच्या जवळ आधार द्या आणि तुटणारा तुकडा मोकळा लोंबू द्या. ठिणग्या ज्या दिशेला उडतात त्याच्या उलट दिशेला यंत्र उसळतं, हे लक्षात ठेवून चेहरा आणि छाती डिस्कच्या सरळ रेषेतून बाजूला ठेवा. डिस्क अडकली तर ओढू नका. बंद करा, थांबू द्या, मग काढा. खांद्याच्या वर हात नेऊन कापणं आणि शिडीवर उभं राहून ग्राइंडर चालवणं टाळाच.

साफ झालेलं लोखंड उघडं ठेवू नका. खाऱ्या हवेत रातोरात पुन्हा तांबूस थर येतो. थिनरच्या फडक्याने पुसून त्याच दिवशी प्रायमर मारा. थिनर उघडायच्या आधी ग्राइंडरची पिन काढलेली असू द्या.

सँडर

घरासाठी पाच इंची रँडम ऑर्बिटल सँडर घ्या. बेल्ट सँडर ताकदवान आहे, पण प्लायच्या वरच्या विनिअरमधून, म्हणजे लाकडाच्या पातळ थरातून, तो डोळ्याची पापणी लवायच्या आत आरपार जातो. ऑर्बिटलचा पॅड गोल फिरता फिरता डोलतोही, त्यामुळे चरे एका रेषेत पडत नाहीत.

ग्राइंडरच्या उलट, हा लाकडावर टेकवून मग सुरू करायचा आणि काम झाल्यावर चालू असतानाच उचलून मग बंद करायचा. हवेत सुरू करून टेकवला तर पहिल्या क्षणीच अर्धचंद्रासारखा चरा पडतो. दाबायचं नाही, यंत्राचं स्वतःचं वजन पुरतं. सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्या संथ चालीने, सपाट, आधीच्या पट्ट्यावर अर्धं चढवत सरकवा. दाबल्यावर पॅड फिरायचा थांबून नुसता थरथरतो, तापतो आणि पॉलिश पेपर धरणारे त्याचे वेल्क्रोचे हूक वितळतात.

जुन्या सागवानी टेबलाला ८० पासून सुरू करा, मग १२०, मग १८०. पॉलिशच्या आधी हवा तर २४०. मधला नंबर गाळला तर ८० चे चरे १८० ने निघत नाहीत आणि पॉलिश चढल्यावर ते डोळ्यांत भरतात. प्रत्येक नंबराआधी लाकडावर पेन्सिलने हलक्या रेघा मारा. रेघा सगळीकडून गेल्या की तो नंबर झाला. नंबर बदलताना धूळ पूर्ण पुसा, कारण ८० चा एक सुटा दाणा १८० च्या खाली आला तर गोल गोल शेपट्या उमटतात. पेपरची भोकं पॅडच्या भोकांवर आली नाहीत तर धूळ आत ओढलीच जात नाही. सागात नैसर्गिक तेल असतं, पेपर लवकर भरतो. भरलेला पेपर घासत राहण्यापेक्षा बदला. शेवटचा हात मोकळ्या हाताने, रेषांच्या दिशेने. सुरुवातीला खिळे शोधून आत ठोकायला विसरू नका. खिळ्याची ठिणगी धुळीच्या पिशवीत गेली तर पिशवी धुमसते. पिशवी अर्धी भरली की रिकामी करा आणि भुसा घरात ठेवू नका. जवसाच्या तेलाने माखलेली फडकी गोळा करून टाकली तर ती आपोआप पेटू शकतात. ती पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

धूळ

तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एन ९५ मास्क हवा, नाकावरची पट्टी दाबून, दाढीच्या फटी न सोडता. लाकडाची धूळ आणि दगड-काँक्रीटमधली सिलिकाची धूळ, दोन्ही कर्करोगकारक म्हणून नोंदलेल्या आहेत. ग्रॅनाइट किंवा काँक्रीट कोरडं कापू नका. त्यासाठी पाणी सोडायची सोय असलेलं यंत्र आणि वाकबगार माणूस बोलवा. साध्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतणं म्हणजे शॉकला आमंत्रण.

जुन्या वाड्याच्या किंवा चाळीच्या लोखंडावर, लाकडावर काम करत असाल तर आणखी एक. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भाग) वर नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांमध्ये शिसं असू शकतं, आणि खाली शेंदरी रंगाचा प्रायमर दिसला तर शक्यता फार. असा रंग यंत्राने घासला की शिसं घरभर उडतं आणि रांगत्या मुलांच्या पोटात जातं. तिथे रंग काढायचं रसायन लावून पत्रीने ओला खरवडा, किंवा पाण्याच्या पेपरने हातानेच घासा.

डोळ्यात कण गेला तर चोळू नका, भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. तरी खुपत असेल तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. शेजारच्या दुकानातला माणूस काडीला कापूस लावून कण काढतो, त्याच्याकडे जाऊ नका. लोखंडाच्या कणाभोवती बुबुळावर काही तासांतच गंजाचं कडं धरू शकतं आणि ते काढणं डॉक्टरचंच काम. जखमेतून रक्त धावत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन लावा.

देखभाल

रोजचं काम दोन मिनिटांचं. पिन काढून, गॉगल आणि मास्क लावून, हवेच्या झरोक्यांतली धूळ ब्लोअरने किंवा ब्रशने काढा. लोखंडाची भुकटी वीज वाहते; ती मोटरमध्ये साठली तर दुहेरी इन्सुलेशनच्या यंत्राचाही शॉक बसू शकतो. वायर यंत्रात शिरते तिथे वाकून वाकून तुटते, तो भाग बोटाने चाचपा. टेप गुंडाळून चालवू नका, वायर बदलून घ्या.

ग्राइंडर मध्येच बंद पडतो, हलवल्यावर चालतो, आतून जास्त ठिणग्या दिसतात, तेव्हा बहुधा कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे, झिजलेले असतात. कार्बन ५-६ मिमी उरले की दोन्ही एकदम बदला, एकच नको. जुना नमुना घेऊन दुकानात जा. मिलिमीटरचा फरक असला तरी तो अडकतो. काही यंत्रांत बाहेरून झाकण उघडून मिळतात, काहींत मागचं कव्हर काढावं लागतं. बदलल्यावर काही मिनिटं यंत्र मोकळं चालवा म्हणजे कार्बन कम्युटेटरवर, म्हणजे फिरत्या भागावरच्या तांब्याच्या कड्यावर, नीट बसतो. कार्बनजवळ थोड्या निळसर ठिणग्या नेहमीच्याच. कम्युटेटरभोवती पूर्ण ठिणग्यांचं कडं दिसलं, किंवा जळका वास आला, तर आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) गेलं किंवा जाण्याच्या मार्गावर आहे.

पुढचं डोकं हाताला चटका बसेल इतकं तापत असेल, कुरकुर येत असेल, तर गिअरमधलं ग्रीस सुकलंय. उघडून जुनं ग्रीस पुसून कंपनीने सांगितलेलं नवं भरा, पण ठासून नको. जास्तीचं ग्रीस तापून बाहेर येतं आणि मोटरकडे जातं. पिन काढून स्पिंडल हाताने फिरवा, बाजूला हलवून बघा. खरखर किंवा खेळ जाणवला तर बेअरिंग बदलायची वेळ झाली. सँडरमध्ये बदलावा लागतो तो पॅड: पेपर सुटून उडायला लागला की हूक गेले, आणि नवा पॅड यंत्राच्या मानाने स्वस्त पडतो.

आर्मेचर आणि फील्ड (त्याभोवतीची स्थिर गुंडाळी) दोन्ही जळाले असतील तर दुरुस्तीचा आकडा आधी विचारा. साध्या चार इंचीत तो नव्या यंत्राच्या किमतीच्या जवळ जातो, आणि रिवाइंड केलेलं आर्मेचर समतोल नसेल तर यंत्र थरथरत राहतं. अशा वेळी नवं घ्यावं. जुन्या यंत्राचं बाजूचं हँडल, पाना आणि नट मात्र मापाला बसत असतील तर काढून ठेवा.